विंडोज १० ची मुदत संपल्यानंतर

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणक प्रणालीसाठीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. थांबला तो सुरक्षाविषयक दुरुस्त्यांचा विनाशुल्क पुरवठा. त्यानंतर आढळणारी प्रत्येक त्रुटी अशा संगणकात तशीच राहते.

विंडोज ११ स्वीकारावी, हा कंपनीचा सल्ला. मात्र त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. परिणामी २०१६ मध्ये घेतलेला, आजही पत्रव्यवहार आणि हिशेब बिनतक्रार सांभाळणारा संगणक अपात्र ठरतो. तो कालबाह्य झाला, असे म्हणण्यापेक्षा त्याला कालबाह्य ठरवण्यात आले, असे म्हणणे अधिक योग्य. यामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्ये वर्तवला होता.

व्यावसायिक संस्थांना सशुल्क मुदतवाढ देण्यात आली. पहिल्या वर्षाचा दर प्रतिसंगणक ६१ डॉलर असून, तो दरवर्षी दुप्पट होतो. तीन वर्षांची बेरीज ४२७ डॉलर! एवढ्या रकमेत साधा नवा संगणक येतो.

या बाबतीत भारताचा पूर्वानुभव बोलका आहे. विंडोज एक्सपीचे साहाय्य एप्रिल २०१४ मध्ये संपले. तरीही असंख्य एटीएम यंत्रे त्यावरच चालत राहिली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर थैमान घातले, तेव्हा कंपनीला एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली. अखेर रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये एटीएम यंत्रांतील जुन्या प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलण्याचे आदेश बँकांना दिले. म्हणजे मुदत संपल्यापासून आदेश निघेपर्यंत चार वर्षे उलटली होती.

लिनक्स हा पर्याय उपलब्ध आहे आणि केरळच्या सरकारी शाळांनी तो दीर्घकाळ राबवून दाखवला आहे. कार्यालयांची अडचण वेगळी आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये साठवलेली वर्षानुवर्षांची मराठी-हिंदी कागदपत्रे आणि केवळ विंडोजवर चालणारी लेखा प्रणाली यांमुळे स्थलांतर रखडते. ही कागदपत्रे युनिकोडमध्ये आणण्याचे काम कंटाळवाणे असले, तरी प्रणाली कोणतीही निवडली तरी ते कधीतरी करावेच लागेल.

उरतो भंगाराचा मार्ग. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून, मोठ्या ग्राहक संस्थांनी असा कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच सोपवणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात पुष्कळसा माल दिल्लीतील सीलमपूरसारख्या बाजारांत पोहोचतो. तेथे तांब्यासाठी तारा जाळल्या जातात आणि सर्किट बोर्ड उघड्या हातांनी फोडले जातात. त्या संगणकांतील हार्ड डिस्कवर नागरिकांच्या नोंदी असू शकतात; निर्लेखनाच्या प्रस्तावात हार्ड डिस्क पुसल्याचा दाखला जोडणे सक्तीचे केल्यास हा धोका तरी टळू शकतो.