गार हातांची कैफियत

मराठी भाषेने गार हातांस फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. भ्यालेल्या माणसाचे हातपाय गार पडतात, आणि आजाऱ्याचे गार लागू लागले की घरात कुजबुज सुरू होते. परंतु वरवर पाहता कोणत्याही कारणावाचून ज्यांचे हातपाय कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, कित्येकदा तर बाराही महिने, गारच असतात अशी मुले आपल्या शाळेच्या प्रत्येक वर्गात चारदोन तरी आहेत. त्यांची बाजू मांडावी, आणि तसे करताना आमच्या हातून घडलेली एक चूकही कबूल करावी, एवढ्यासाठी हा लेख.

आमच्या ग्वाल्हेरची थंडी पाहुण्यांस खरी वाटत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो, हे त्यांनी ऐकलेले असते. तोच पारा जानेवारीत चारपाच अंशांपर्यंत उतरतो, हे ते येथे आल्यावरच शिकतात. 1810 साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली आणि तिचेच पुढे लष्कर शहर झाले. त्या छावणीबरोबर आलेल्या आमच्या पूर्वजांनी दक्षिणेतल्यासारखेच मोकळ्या चौकाचे, दगडी फरशीचे वाडे बांधले. वैशाखात त्यांना दुवा द्यावा आणि पौषात त्याच फरशीवर अनवाणी चालताना त्यांचे नाव काढू नये, असा आमचा शिरस्ता आहे. शाळेची इमारतही त्याच वळणाची. सकाळी प्रार्थनेच्या वेळी त्या फरशीवर उभ्या राहिलेल्या मुलांकडे पाहिले की कोणाचे ओठ थरथरत असतात, कोणी हात काखेत दडवलेले असतात. आणि आम्ही शिक्षक मंडळी, अंगात स्वेटर व गळ्यात मफलर असलेली, "हात सरळ ठेवा" म्हणून दरडावत असतो.

आता चुकीविषयी. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातील सहामाही परीक्षेत नववीच्या एका विद्यार्थिनीने शेवटचे दोन प्रश्न कोरेच सोडले होते. आधीचे अक्षरही कोंबडीच्या पायांसारखे झाले होते. विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, बोटं वळत नव्हती." वर्गात हशा पिकला, आणि सांगावयास लाज वाटते की त्या हशात आमचाही वाटा होता. उत्तरपत्रिकेवर आम्ही लाल शाईने एकच शब्द लिहिला : आळस.

वस्तुतः ती बोलली ते अक्षरशः खरे होते. हाताच्या बोटांत स्नायू जवळजवळ नसतातच. बोटे हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपराखालच्या भागात असतात, व ते दोरीने बाहुली नाचवावी तशी स्नायुबंधांच्या द्वारे बोटे ओढतात. त्यामुळे बोटे स्वतः फारशी उष्णता उत्पन्न करू शकत नाहीत. रक्ताबरोबर जी ऊब येईल तिच्यावरच त्यांचा निर्वाह. बाहेर थंडी पडली की हृदय, यकृत, मेंदू यांची ऊब सदतीस अंशांच्या आसपास राखण्यासाठी शरीर हातापायांच्या कातडीतील रक्तवाहिन्या आकसून घेते. घरात धान्य कमी पडले की प्रथम ज्यांच्या पानातले कमी होते, तशीच ही बोटांची अवस्था. काहींच्या रक्तवाहिन्या जरा अधिक तत्परतेने आकसतात, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून जास्त आढळते.

भीतीनेही याच रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे "हातपाय गार पडले" हा वाक्प्रचार पोकळ नव्हे. मग गारठलेल्या मुलाला परीक्षेच्या दालनात दरडावल्याने काय होत असेल? थंडीने निम्मे काम केलेले असते, उरलेले आपला आवाज करतो.

येथवर झाले असते तर आम्ही ही गोष्ट विसरूनही गेलो असतो. पुढच्या एप्रिलात, चाळीस अंशांच्या दुपारी, त्याच मुलीच्या हातून वही घेताना तिची बोटे आमच्या हातास लागली. ती बर्फासारखी होती. पंख्याखाली आम्ही घामाने निथळत होतो आणि या मुलीचे हात पौषात असावेत तसे! तिच्या आईस बोलावले. माउली हसून म्हणाली, "आमच्या घरी बायकांचे हात असेच असतात, सर. वळणच आहे आमचं." आम्ही आग्रह केला म्हणून दोघींनी रक्त तपासून घेतले. त्या वयाच्या मुलीच्या रक्तात हिमोग्लोबिन निदान बारा ग्रॅम असावयास हवे. तिचे आठाच्या घरात निघाले. आईचे त्याहून कमी. घरचे वळण होते खरे, पण ते रक्ताचे नव्हते. सर्वांची जेवणे झाल्यावर उरेल ते खाण्याचे होते.

हे एका घराचे दुखणे नव्हे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण 31 टक्के होते. प्रत्येकीचे हात गार असतील असे नाही, आणि प्रत्येक गार हात रक्तक्षयाचाच असेल असेही नाही. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले तरी थंडी सोसेनाशी होते. बोटे प्रथम पांढरीफटक, मग निळी आणि ऊब मिळताच लाल होऊन ठणकू लागली, तर मोरिस रेनो या फ्रेंच वैद्याने 1862 साली वर्णिलेला विकार असू शकतो. बोटांवर व्रण पडले, किंवा एकच हात गार राहू लागला, तर डॉक्टरांकडे जाण्यास दिरंगाई करू नये. मात्र थंडी सरली तरी ज्यांचे हात निवलेलेच राहतात आणि जिना चढताना ज्यांना धाप लागते, त्यांच्या आईवडिलांनी "प्रकृतीच तशी" म्हणण्यापूर्वी एकदा रक्त तपासावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. सरकारी योजनेतून विद्यार्थ्यांसाठी आठवड्याला येणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुली खिडकीबाहेर फेकतात, हे आम्ही पाहिले आहे. गोळीने शौचास काळी होते, तिला भिऊ नये. मळमळत असल्यास ती जेवणानंतर घ्यावी. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. लिंबू किंवा आवळा असेल तर अधिक लागते.

ज्यांचे हात नुसते थंडीने गारठतात त्यांच्यासाठी आमच्या आजीचा उपाय अजूनही शास्त्राला धरून आहे : हात शेकण्याआधी छाती झाक. धडास ऊब मिळाली की शरीर बोटांचे रक्त अडवून धरत नाही. म्हणून हातमोज्यांइतकेच बंडीला आणि कानटोपीला महत्त्व आहे. दोन घट्ट पायमोज्यांपेक्षा एक सैल लोकरीचा बरा. हात खांद्यापासून गरगर फिरवले तर बोटांत रक्त उतरते. बधिर बोटे शेगडीवर धरू नयेत. चटका बसतो तो कळत नाही. आणि कोळशाची शेगडी पेटवून, दारेखिडक्या लावून कोणी कधीही निजू नये, कारण तिच्या विषारी वायूला ना रंग ना वास. वडीलमंडळींनी बिडी ओढण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे की तंबाखू याच रक्तवाहिन्या आवळते.

शाळेकडे आमचे मागणे थोडके आहे. थंडीची लाट आली की जिल्हाधिकारी शाळेची वेळ पुढे ढकलतात. पण लाट जाहीर होण्याची वाट न पाहता पौष-माघात प्रार्थना उन्हात घ्यावी. टोपी व हातमोजे यांच्या रंगावरून कोणाला रांगेबाहेर काढू नये. परीक्षेत ज्याची बोटे आखडली असतील त्याला पाच मिनिटे हात चोळू द्यावेत, आणि तेवढा वेळ शेवटी वाढवून द्यावा. शिस्त बिघडेल असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. आम्हांस तसे वाटत नाही.

ती विद्यार्थिनी आता अकरावीत आहे. औषध आणि आहार यांनी तिचे रक्त वाढले. जानेवारीत तिचे हात अजूनही गार असतात, पण लिहिताना अडत नाहीत. तिच्या आईने गोळ्या मध्येच सोडल्या होत्या, त्या मुलीने पुन्हा सुरू करविल्या. नववीतली ती उत्तरपत्रिका तिने घरी जपून ठेवली आहे असे कळते. तिच्यावरचा आमचा तो शब्द आम्ही खोडून देऊ म्हटले, तर ती म्हणाली, "असू दे, सर."