आधी फाइल पाहा, मग यंत्र घ्या

अभ्यासासाठी ई-रीडर घ्यावा, टॅबलेट की लॅपटॉप, ही चर्चा किंमत आणि बॅटरीपाशीच घोटाळत राहते. मराठीतून शिकणाऱ्याच्या बाबतीत खरा निकाल त्याच्याजवळच्या फाइलींवर ठरतो, आणि त्या बहुतांशी पीडीएफ असतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके, जुन्या प्रश्नपत्रिका, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, स्कॅन केलेले दुर्मीळ ग्रंथ, सगळे याच रूपात हाती येते. याचा विचार न करता घेतलेला सहा इंची ई-रीडर लवकरच कपाटात जाऊन पडतो.

पीडीएफमधले पान छापील पानासारखे पक्के बांधलेले असते. पडदा लहान म्हणून ओळी नव्याने जुळत नाहीत. सहा इंची पडद्याची रुंदी सुमारे ९ सेंटिमीटर, तर ए-४ पानाची २१. म्हणजे १२ पॉइंटचा टाइप ५ पॉइंटांवर येतो. इंग्रजी एवढ्यातही कसेबसे लागते. देवनागरीत वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरांची दाटी. ‘द्य’ आणि ‘घ’ एकसारखे दिसू लागतात, स्कॅन जुना असेल तर अनुस्वार कोणता आणि कागदावरचा डाग कोणता हे कळत नाही. पान मोठे करावे, तर प्रत्येक ओळीला ते डावी-उजवीकडे ओढत बसावे लागते.

हे ओढणे ई-रीडरच्या ई-इंक पडद्यावर विशेष त्रासाचे. त्यात काळ्या-पांढऱ्या रंगद्रव्याचे विद्युतभारित कण असतात. विजेच्या प्रभावाने ते वर-खाली सरकतात आणि मग जागच्या जागी राहतात. पान बदलतानाच वीज लागत असल्याने एकदा केलेले चार्जिंग कित्येक दिवस पुरते (दिवा लावला तर त्याची वीज वेगळी), आणि भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसते. पण कण सरकायला वेळ लागतो, त्यामुळे पुढे-मागे चाळणे, खूण करणे, दोन प्रकरणे ताडून पाहणे, ही अभ्यासाची नित्याची कामे तिथे रेंगाळतात.

कथा-कादंबऱ्या सलग वाचणाऱ्याला मात्र ई-रीडरसारखे दुसरे यंत्र नाही. किंडलवर २०१६च्या अखेरीपासून मराठी पुस्तके मिळतात, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि हातात वजन जाणवत नाही. फक्त पुस्तके कोणत्या दुकानातून घेणार, हे आधी ठरवलेले बरे. बुकगंगाचे ई-पुस्तक त्यांच्या अॅपवर वाचायचे असते आणि ते अॅप किंडलवर चालत नाही.

लॅपटॉप हे मुळात लिहिण्याचे यंत्र. प्रकल्प, प्रबंध, इनस्क्रिप्टने मराठी टंकन यासाठी तो हवाच, पण १५.६ इंची आडव्या पडद्याची उंची जेमतेम १९ सेंटिमीटर, त्यामुळे ए-४चे उभे पान त्यावर मूळ आकारात पूर्ण मावत नाही. दहा-अकरा इंची टॅबलेट उभा धरला की तेच पान सुमारे दोन-तृतीयांश आकारात, ८ पॉइंटांच्या टाइपात, अख्खे दिसते. पेनाने समासात टिपण करता येते, ब्राउझरमध्ये मराठी विश्वकोश उघडतो. टॅबलेटवर लक्ष विचलित होते हा आक्षेप खरा, पण नोटिफिकेशन बंद करता येतात. सहा इंचांचे दहा इंच करता येत नाहीत. दहा इंची ई-इंकची यंत्रेही आहेत, मात्र त्यांची किंमत बऱ्या लॅपटॉपच्या घरात जाते. एका यंत्रापुरतेच पैसे असतील, तर शाळकरी आणि स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने टॅबलेटच घ्यावा, आणि दुकानात स्वतःची एक पीडीएफ उघडून पाहूनच घ्यावा.

विद्यार्थ्याला मोठ्या पडद्याचा खर्च करावा लागतो तो मजकूर देणाऱ्यांच्या सवयीमुळे. कित्येक मराठी पीडीएफ अजून युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्यांत शब्द शोधला तर सापडत नाही, मजकूर कॉपी केला तर निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात. ईपब या स्वरूपात ओळी पडद्याप्रमाणे जुळतात आणि शोधही लागतो. २०२२पासून किंडलवरही ईपब फाइल पाठवता येते. भूमिती आणि नकाशे पीडीएफमध्येच राहोत; पण इतिहास, मराठी, राज्यशास्त्र यांसारख्या मुख्यतः मजकुराच्या पुस्तकांची युनिकोड ईपब आवृत्ती सोबत न देण्याला शासकीय संस्था आणि प्रकाशक यांच्यापाशी आता तांत्रिक कारण उरलेले नाही.