तुलनेसाठी ठेवलेल्या बाया

उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ साली गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बाया, त्यांच्या गावांचे ५२ गट, आणि गटांचे चार भाग. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायांची तपासणी करायची नाही असं ठरलं. हव्या असतील तर इस्पितळात जा, एवढं त्यांना सांगितलं. शेतमजूर बाईने रोजगार बुडवून, एस.टी.चं भाडं खर्चून, काही दुखत नसताना इस्पितळात जायचं!

आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही तपासणीच्या भागातल्या ३४,१२६ जणींपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या होत्या. चौथ्या भागातल्या ६४.

एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, ही माहिती मोलाची आहे, ती मी नाकारत नाही. माझं भांडण चौथ्या भागाशी आहे. त्याचं समर्थन असं केलं जातं, की भारतात अशी तपासणी कुणालाच मिळत नव्हती, मग न मिळणारी गोष्ट दिली नाही तर अन्याय कसला? हे म्हणजे सुनेला घरात दूध मिळतच नव्हतं, तेव्हा तिला दूध न देणं ही घराची रीतच, असं सांगण्यासारखं झालं. आधी हयगय करायची, मग हयगयीलाच नेहमीची पद्धत म्हणायचं.

आणि तेव्हा माहीत तरी काय नव्हतं? पॅप तपासणी १९४० च्या दशकापासूनची आहे. हा विषाणू बहुतेक जणींच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. (म्हणून 'पॉझिटिव्ह' शब्द ऐकून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्यांनी गप्प बसावं.) तो टिकला तर पेशी बदलू लागतात, पण त्यांचा कॅन्सर व्हायला बहुधा १५-२० वर्षं लागतात. तेवढ्या काळात कुणी पाहिलं तर बदललेला भाग गोठवून काढता येतो, बहुतेकदा गर्भाशय काढावं लागत नाही. आमच्याकडची इस्पितळं, प्रयोगशाळा वेगळ्या, इथे काय चालतं ते पाहायला हवं होतं, असं शास्त्रज्ञ म्हणतात. मान्य. पण मग तीन पद्धती एकमेकींशी ताडून पाहता आल्या असत्या.

असेच अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि तामिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यात झाले. तिन्हींत मिळून १,३८,६२४ बाया बिनतपासणीच्या, त्यांतल्या २५४ जणी या कॅन्सरने मेल्या. अमेरिकेतल्याच एरिक सुबा या डॉक्टरांनी हा प्रश्न लावून धरला. पैसा अमेरिकेतला होता. तिथल्या बायांना असं तुलनेसाठी ठेवलं असतं?

आपल्या शास्त्रज्ञांना हे नवं नव्हतं. १९७६ मध्ये दिल्लीत सरकारी संशोधन संस्थेने सुरू केलेल्या अभ्यासात अकराशेहून अधिक बायांच्या पेशींतले बदल उपचार न करता नुसते पाहत राहिले, लेखी संमतीही न घेता. १९९७ मध्ये त्याचा बोभाटा झाला.

आज काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोन बायांचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती. म्हणजे 'नेहमीची पद्धत' अजून तीच, आणि उद्या कुणी पुन्हा तोच युक्तिवाद करू शकेल. केंद्र सरकारने २०१६ मध्येच तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणीचा आराखडा काढला आहे. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीच आधी करा म्हणते, आणि त्यासाठीचा नमुना बाई स्वतःच घेऊ शकते. टेबलावर पाय फाकून झोपायची लाजसुद्धा नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या महिन्यात आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर जाऊन लेखी विचारा: तपासणी कोणत्या दिवशी होते, कोण करतं, दोष निघाला तर उपचार कुठे आणि गाडीभाडं कुणाचं. आणि गावात कुणी अभ्यासाला आलं, तर सहीच्या आधी विचारा, ज्यांना तपासणार नाही त्या बाया कोणत्या.