मिथेनचा ठपका आणि कोलकात्याच्या पाणथळी

गोड्या पाण्याची तळी आणि दलदली मिथेन वायू सोडतात, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. तेव्हा पूर्व कोलकात्याच्या पाणथळींना हवामानाच्या रक्षक म्हणणे हा भ्रम आहे आणि त्या बुजवल्याने हवामानाची हानी होणार नाही, असा एक पूर्वपक्ष मांडला जातो.

या पक्षाचा शास्त्रीय आधार भक्कम आहे. तळाच्या गाळात प्राणवायू संपला की आर्किया वर्गातील सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्याच्या विघटनातून मिथेन तयार करतात. समुद्राच्या पाण्यात विपुल असणारे सल्फेट तेथे त्यांना अटकाव करते, तो अटकाव गोड्या पाण्यात जवळजवळ नसतो. स्वीडनमधील डेव्हिड बास्टविकेन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ‘सायन्स’मध्ये दाखवले की, गोड्या पाण्याच्या जलाशयांतून वर्षाला निदान १०.३ कोटी टन मिथेन निघतो आणि जमिनीवरील परिसंस्था जेवढा कार्बन शोषतात त्यापैकी सुमारे चतुर्थांशाचा लाभ, तापमानवाढीच्या मापाने, त्यामुळे पुसला जातो. हे निष्कर्ष नाकारण्याचे कारण नाही. त्यांवरून काढलेले अनुमान मात्र तपासले पाहिजे.

पहिला दोष असा की, जागतिक बेरीज एखाद्या विशिष्ट तळ्याला लावता येत नाही. वातावरणात पोहोचणारा मिथेन म्हणजे निर्माण झालेला मिथेन वजा वाटेतच नष्ट झालेला मिथेन, आणि ही वजाबाकी मिथेनवर जगणारे जिवाणू करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोनाली रहाळकर यांच्या गटाने भारतीय भातखाचरांतून असे जिवाणू वेगळे करून अभ्यासले आहेत. या जिवाणूंना मर्यादा आहेत, कारण उथळ पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने निसटणारा वायू त्यांच्या हाती फारसा लागत नाही. म्हणूनच खोली, तापमान, गाळ आणि प्राणवायू यांचे मोजमाप केल्याशिवाय कोणत्याही तळ्यावर निवाडा देता येत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. महानगराचे सांडपाणी पचवणारी ही पाणथळ बुजवली तरी ते सांडपाणी बुजत नाही. हेच सेंद्रिय द्रव्य तुंबलेल्या नाल्यांत किंवा खाडीच्या गाळात कुजले तर मिथेन तेथेही होणार. यांत्रिक शुद्धीकरण केंद्र उभारले तर त्याला वीज लागणार आणि उरलेल्या गाळाची विल्हेवाटही लावावी लागणार. तुलना पाणथळ आणि निर्मळ शून्य यांच्यात नसून पाणथळ आणि तिचा पर्याय यांच्यात आहे, हे पूर्वपक्ष विसरतो.

राज्य सरकारचे अभियंता आणि परिसंस्थाशास्त्रज्ञ ध्रुवज्योती घोष (१९४७–२०१८) यांनी सांडपाण्याचा हाच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून येथील व्यवस्था अभ्यासली. बंगालीत ‘भेरी’ म्हटल्या जाणाऱ्या उथळ तळ्यांत सांडपाणी बेताने सोडले जाते. ऊन आणि शेवाळ मिळून दिवसा पाण्यात प्राणवायू भरतात, जिवाणू घाण पचवतात आणि मासे प्लवकांवर वाढतात. हिवाळ्यात भेरी आटवून तळ उघडा करण्याची, गाळ काढण्याची आणि चुना टाकण्याची रीत आहे. उघड्या गाळाला हवा मिळाली की मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांची अनुकूल स्थिती मोडते, त्यामुळे मत्स्योत्पादकांची ही जुनी शिस्त हवामानाच्याही उपयोगी पडते.

या व्यवस्थेला १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने संरक्षण दिले, २००२ साली १२,५०० हेक्टर क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत समावेश झाला आणि २००६ साली संवर्धनाचा स्वतंत्र कायदा आला. मात्र कायद्याने जमीन राखली तरी कारभार राखला जातोच असे नाही. गाळ साचू दिला, सांडपाण्याचा प्रवाह अनियमित झाला किंवा रात्री पाण्यातील प्राणवायू संपण्याइतका सेंद्रिय भार वाढला, तर भेरी मिथेनचा मोठा स्रोत ठरू शकते. म्हणून मिथेन हे भेरी बुजवण्याचे कारण नसून ती नीट चालवण्याचे कारण आहे.

यातून उत्तरपक्षाची मागणी स्पष्ट होते. प्रत्येक ऋतूत, दिवसा आणि रात्री, विरघळलेला वायू आणि बुडबुडे दोन्ही मोजून भेऱ्यांचा मिथेन-ताळेबंद मांडावा, आणि त्याच सांडपाण्याच्या दुसऱ्या कोणत्याही विल्हेवाटीचा ताळेबंद त्याच्याशेजारी ठेवावा. जो पक्ष पाणथळ नष्ट करू पाहतो, त्याचा पर्याय कमी वायू सोडतो हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच आहे; तो भार उचलल्यावाचून बास्टविकेन यांच्या आकड्याचा आधार घेणे म्हणजे विज्ञानाच्या नावाने भूखंडाची वकिली करणे होय.