जिजाऊंच्या गावी जमताना



जिल्हा मेळाव्याची तयारी करायला गेल्या महिन्यात बैठक झाली आणि दोन तास फक्त जागेवरच बोलणं झालं. विषय, ठराव, वक्त्या सगळं बाजूला राहिलं. खामगाव-नांदुऱ्याकडच्या कार्यकर्त्या म्हणाल्या, शेगावला घ्या, रेल्वे आहे, उतरायला भक्तनिवास आहे. कुणी म्हणालं, बुलडाणाच बरं, जिल्ह्याचं ठिकाण आहे, कलेक्टर कचेरीवर निवेदन न्यायला सोपं. नव्या मुलींनी मात्र एकच धोशा लावला, "ताई, सिंदखेड राजा! जिजाऊंच्या गावात भरवू." सगळ्यांचे चेहरे उजळले. तेवढ्यात मागे बसलेल्या एक जुन्या मावशी म्हणाल्या, "गाव इतिहासाचं आहे हे खरं, पण तिथं तीनशे बायांना संडास किती?"

सगळ्या हसल्या. पण घरी जाताना मला वाटलं, मुलींचं म्हणणंही खरं होतं आणि मावशींचा प्रश्नही. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, यावरच या अंकात तुमच्याशी बोलायचं आहे.

ऐतिहासिक शहरात परिषदा भरवायची आता पद्धतच पडली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० देशांच्या महिलाविषयक गटाची, म्हणजे डब्ल्यू-२० ची, भारतातली पहिली बैठक आपल्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात झाली. महिला उद्योजक, तळागाळातलं नेतृत्व, हवामानबदल असे महत्त्वाचे विषय तिथं होते. शहर का निवडलं हे कळायला अवघड नाही. विमानतळ आहे, मोठी हॉटेलं आहेत आणि वेरूळ-अजिंठा हाताशी आहेत. सरकारच्या आणि पर्यटन खात्याच्या हिशेबात परिषद हा एक व्यवसाय असतो. पाहुणे येतात, राहतात, लेणी बघतात, खरेदी करतात आणि जातात. गावाला पैसा मिळतो, त्यात वाईट काही नाही. पण त्या हिशेबात एक रकाना नसतो. त्या गावातल्या बाईला त्या परिषदेतून काय मिळालं? रस्ता झाडणारी, चहाची गाडी लावणारी, हॉटेलात चादरी धुणारी बाई त्या सभागृहात होती का?

आपल्या चळवळीनं जागा निवडल्या त्या वेगळ्या हिशेबानं. महाडचं तळं पर्यटनासाठी प्रसिद्ध नव्हतं. १९२७ च्या सत्याग्रहानं ते इतिहासात गेलं, आणि त्या वर्षी २५ डिसेंबरला तिथं मनुस्मृती जाळली गेली म्हणून आपण तो दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतो. २० जुलै १९४२ ला नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या आपल्या वऱ्हाडातल्याच, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेबांसमोर हजारो बायांनी घटस्फोटाच्या हक्काचा, बहुपत्नीत्व बंद करण्याचा, गिरणी कामगार बायांच्या सवलतींचा ठराव केला. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. पण भाकरी बांधून आलेल्या बायांनी तो रंगमहाल पाहिला की नाही, हे आज कुणी विचारत नाही. पुढे त्याच चळवळीतून लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला आणि काही गावांत नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून दिली, एवढं लक्षात राहिलं.

म्हणजे जागेला इतिहास आहे, एवढ्यावर भागत नाही. तिथं जाऊन आपण काय करणार आहोत, ते आधी ठरायला हवं.

आता सिंदखेड राजाचं पाहू. लखुजी जाधवांच्या राजवाड्याचा तो भव्य दरवाजा, रंगमहाल, मोती तलाव, पुतळाबारव आपल्यापैकी अनेकींनी पाहिली आहे. १२ जानेवारी १५९८ ही जिजाऊंची जन्मतारीख मानली जाते आणि दर वर्षी त्या दिवशी लाखो माणसं तिथं येतात. भाषणं होतात. त्या भाषणांतून जिजाऊ कोण म्हणून समोर येतात? बहुतेक वेळा फक्त आई. शिवबाला घडवणारी आई. तेही खरंच आहे. पण पुण्याच्या जहागिरीचा कारभार पाहणारी, न्यायनिवाडा करणारी, राजकारणात सल्ला देणारी कर्ती बाई भाषणात दोन वाक्यांपुरती येते. आणि विधवा जिजाऊ तर येतच नाही.

१६६४ मध्ये शहाजीराजे गेले. जिजाऊ सती गेल्या नाहीत. त्यानंतर दहा वर्षं त्या जगल्या, कर्तेपणानं जगल्या, राज्याभिषेक डोळ्यांनी पाहून १७ जून १६७४ ला पाचाडला गेल्या. आता १२ जानेवारीनंतर दोनच दिवसांनी काय येतं ते आठवा. संक्रांत. मग रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू. ज्या बायांनी परवा जिजाऊंच्या पुतळ्याला हार घातला, त्याच बाया शेजारच्या विधवा जावेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. आज जिजाऊ स्वतः आपल्या माहेरी आल्या, तर त्यांच्या कपाळाला कुंकू लावायला किती हात पुढे होतील?

दुसरा प्रश्न आकड्याचा आहे. २०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८५५ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४ होता. जिजाऊंचा जन्म झाला त्या जिल्ह्यात मुलीचा जन्म नको झाला होता, असाच याचा अर्थ. आकडा जुना आहे, पण दवाखान्यातून बाहेर पडलेल्या बाईचा चेहरा पाहून कळतं की प्रश्न जुना झालेला नाही.

आणि तिसरा प्रश्न आपल्याच विस्मरणाचा. 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलडाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. पण त्या निमित्तानं सगळ्याच बायांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा ताराबाईंनी १८८२ मध्ये ते पुस्तक काढलं. दोष बाईचाच का, हा प्रश्न त्यांनी पुरुषांना थेट विचारला. जोतिबा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. नंतर हे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं. शिबिरात मी ताराबाईंचं नाव विचारते तेव्हा दोन-चारच हात वर होतात. त्यांच्याच जिल्ह्यात.

म्हणून माझं मत नव्या मुलींच्या बाजूचं आहे. मेळावा सिंदखेड राजालाच घ्यावा. मात्र १२ जानेवारीला नको, त्या गर्दीत आपला आवाज कुणाला ऐकू जाणार नाही. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत घ्यावा, आणि सुरुवात विधवा, परित्यक्ता, एकट्या बायांच्या हातच्या तिळगुळानं व्हावी. वाण म्हणून ताराबाईंचं पुस्तक द्यावं.

आता मावशींचा प्रश्न. काही वर्षांपूर्वी एका शिबिराला आम्ही मंगल कार्यालय घेतलं, अडीचशे बाया आणि संडास चार. दुसऱ्या दिवशी निम्म्या बाया पाणी प्यायच्या बंद झाल्या. ज्या मेळाव्यात बाईला तहान मारावी लागते, तिथं हक्कांवर भाषण काय करायचं? त्यामुळे जागा पक्की करण्याआधी चौघीजणींनी जाऊन संडास, पाणी आणि रात्रीचा उजेड पाहून यावा. संडासापासून झोपायच्या जागेपर्यंत रात्री चालून पाहावं. तान्ही मुलं कुठं राहणार, गुडघे दुखणाऱ्या आणि अपंग बायांना राजवाड्याच्या पायऱ्यांशिवाय कार्यक्रमाला येता येईल का, तेही पाहावं.

जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या बाईला सिंदखेड राजाला यायचं म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडायचा. मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धं तिकीट झालं हे बरंच झालं, पण दोन दिवसांची मजुरी बुडते ती कोण भरणार? लांबून येणाऱ्यांसाठी प्रवासाचा वेगळा निधी काढावा लागेल. समृद्धी महामार्ग सिंदखेड राजाजवळून जातो, पण तो गाडीवाल्यांसाठी. आपल्या बाया जालना-मेहकर रस्त्यावरच उतरणार. जेवण गावातल्याच बचत गटाला द्यावं, पिठलं-भाकरी, ठेचा, आणि दर त्यांना परवडेल असा. आणि ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेल्या बाया या दिवसांत येऊच शकणार नाहीत. त्यांच्यासाठी पाडव्यानंतर त्यांच्याच गावात वेगळी बैठक घ्यायला हवी. त्यांना वगळून जिल्हा मेळावा म्हणायचं नाही.

एक शेवटची गोष्ट. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपल्या किती गावांनी केला? मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येक गटानं आधी आपल्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. ठराव झाला तर त्याची नक्कल घेऊन यावं. झाला नाही तर कुणी विरोध केला, काय म्हणून केला, ते लिहून आणावं. त्या कागदांवर आपण दोन दिवस बोलू. एरवी आपण मेळाव्यात ठराव करतो आणि ते फायलीत राहतात. या वेळी ठराव गावातून यावेत.

सिंदखेड राजातून परतताना दरवाजासमोरचा फोटो प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये असेलच, असू दे. पण तिथं राहणाऱ्या एखाद्या विधवा बाईला पुढच्या संक्रांतीला शेजारणीचं बोलावणं आलं, तर गाव बरोबर निवडलं होतं असं म्हणू.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. शेगाववाल्या अजून रुसलेल्या आहेत, त्यांची पत्रं आली तर पुढच्या अंकात छापूच.