अठ्ठावन्ननंतरचा वर्ग

आखातातल्या इंटरनॅशनल शाळांच्या जाहिराती हल्ली कोल्हापुरातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही फिरतात. बी.एड., इंग्रजीतून शिकवण्याचा सराव, चार-पाच वर्षांचा अनुभव, आणि शेवटी एक ओळ: वय 50 च्या आत. माझ्या ओळखीच्या गणिताच्या एका बाई ती ओळ वाचून थांबल्या. त्या 52 वर्षांच्या आहेत. सेमी-इंग्रजीच्या वर्गाला त्यांच्यासारखी भूमिती शिकवणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

या वयात परदेश कशाला, असं त्यांना नातेवाईकच विचारतात. उत्तर त्यांच्या सेवापुस्तिकेत आहे. 2001 साली सरकारनं नव्या शाळा ‘कायम विनाअनुदानित’ ठरवल्या. त्यातला ‘कायम’ 2009 मध्ये निघाला, पण 20 टक्के अनुदान यायला 2016 उजाडलं. या बाईंसारख्या अनेकांची ऐन उमेदीची वर्षं संस्था देईल त्या रकमेवर आणि संध्याकाळच्या शिकवण्यांवर गेली. त्यात 1 नोव्हेंबर 2005 नंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही, आणि आधी लागूनही शाळेला पूर्ण अनुदान नसलेले त्याच तारखेच्या वादात अडकले. पगार उशिरा सुरू झाला, निवृत्ती मात्र 58 लाच. मुलांची शिक्षणं आणि घराचे हप्ते ऐन भरात असताना हातात उरतात ती पाच-सहा वर्षं. परदेशाचा विचार येतो तो इथून.

तिकडची अट बहुतेकदा शाळेच्या वर्गात ठरलेलीच नसते. अनेक देशांत परदेशी माणसाच्या कामाच्या परवान्याला साठीची रेघ असते. चीनमध्येही सर्वसाधारण नियम तसाच आहे. वय वाढलं की आरोग्यविम्याचा हप्ता वाढतो. करार दोन वर्षांचा, पुढे मुदतवाढ मिळावी अशी शाळेची इच्छा. म्हणून साठीची रेघ जाहिरातीत येईपर्यंत 50 वर उतरते. हिशोब समजतो, पण तो मला मान्य नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्या माणसाला केवळ वयावरून नाकारण्याविरुद्ध 1967 पासून कायदा आहे, ब्रिटननं सक्तीचं सरसकट निवृत्तीवय 2011 मध्ये काढून टाकलं. त्याच देशांचे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळा आखातात मात्र जन्मतारीख आधी पाहतात.

आपणही वेगळे नाही. 2023 च्या जुलैत राज्य सरकारनंच जिल्हा परिषद शाळांच्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घ्यायचं ठरवलं: महिना 20 हजार मानधन, वयाची मर्यादा 70. म्हणजे 58 ला निरोपाचा नारळ द्यायचा, आणि जागा भरता आल्या नाहीत की त्याच माणसाला तात्पुरतं, कमी पैशांत परत बोलवायचं. शिकवण्याची ताकद सत्तरीपर्यंत टिकते हे सरकारला मान्य आहे, तर पूर्ण पगार देताना ते का आठवत नाही?

आणि कोल्हापूरला तरी हे पटवून द्यावं लागू नये. लीलाताई पाटलांचा जन्म 1927 चा. सृजन आनंद विद्यालय त्यांनी इथं 1985 मध्ये सुरू केलं, सरकारी नोकरी संपल्यावर. घोकंपट्टीला फाटा देऊन मुलांच्या अनुभवातून शिकवण्याचा त्यांचा प्रयोग, ‘ऐलमा पैलमा शिक्षण देवा’सारखी त्यांची पुस्तकं, महाराष्ट्रभरातून ती शाळा पाहायला येणारे शिक्षक. राज्याच्या नियमात शिक्षकाची नोकरी जिथं संपते, त्या वयात या शाळेचा पहिला वर्ग भरला.

उमेदवाराची वैद्यकीय तपासणी करा, तीस मुलांसमोर एक पाठ घ्यायला लावा, आणि मग ठरवा. एवढीच मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत परदेशी जाऊ पाहणाऱ्यांनी एक करावं: एजंटाला पैसे देण्याआधी, पदव्यांच्या अटेस्टेशनचा खर्च करण्याआधी, त्या देशात कामाचा परवाना कितव्या वर्षापर्यंत मिळतो आणि नूतनीकरण कितव्या वर्षी थांबतं, हे शाळेकडूनच लेखी मागवावं. एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं. बाईंना मी हेच सांगितलं आहे, आणि अर्ज भरा असंही.