विश्लेषण : ‘स्वयम्’च्या काळात राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांसमोर कोणता पेच?

आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणाऱ्या प्राध्यापकाची कारकीर्द आजवर शोधनिबंध, पुस्तके आणि परिषदा यांवर मोजली जात असे. आता त्यात कॅमेऱ्यासमोर घेतलेल्या तासांचीही भर पडली आहे. संधी मोठी आहे, पण प्रश्नही आहेत.

‘स्वयम्’ म्हणजे काय?

केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केले. प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : चित्रफिती, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चामंच. शिकणे मोफत असते. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. २०१६च्या नियमांनुसार एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे ऑनलाइन घेता येत. २०२१मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ही मर्यादा ४० टक्के केली.

प्राध्यापकांना त्याचा लाभ काय?

‘यूजीसी’च्या २०१८च्या नियमावलीत चार श्रेयांकांचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केल्यास २० गुण आहेत. सामाजिक शास्त्रांत एका मान्यताप्राप्त शोधनिबंधाला १० गुण मिळतात. म्हणजे कागदावर एक अभ्यासक्रम दोन शोधनिबंधांच्या तोडीचा. थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकपदासाठी ७५ आणि प्राध्यापकपदासाठी १२० गुण लागतात, हे पाहता ही रक्कम किरकोळ नाही. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यातही ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठीची डिजिटल निर्मिती आणि भारतीय भाषांतील अध्यापन यांना उल्लेखनीय योगदानांत स्थान देण्यात आले.

या विषयातच अडचण का?

वास्तववाद किंवा उदारमतवाद यांवरचे व्याख्यान दहा वर्षे चालू शकते. चालू घडामोडींचे तसे नाही. अफगाणिस्तानवर जुलै २०२१मध्ये ध्वनिमुद्रित केलेला तास १५ ऑगस्टला काबूल पडताच जुना झाला. युक्रेन युद्धानंतर फिनलंड (एप्रिल २०२३) आणि स्वीडन (मार्च २०२४) ‘नाटो’त गेले; त्याआधीचे युरोपच्या सुरक्षेवरचे धडे अपुरे ठरले. वर्गात शिकवणारा प्राध्यापक सकाळचे वर्तमानपत्र वाचून दुपारचा तास बदलतो. चित्रफीत बदलायची तर पुन्हा संहिता, पुन्हा चित्रीकरण. २०१८च्या गुणतक्त्यात निर्मितीला गुण आहेत. जुना अभ्यासक्रम अद्ययावत ठेवण्याला वेगळे गुण नाहीत. मग तो ठेवणार कोण?

विद्यार्थ्यांचा फायदा किती?

तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला दिल्लीतील तज्ज्ञांचे व्याख्यान घरबसल्या ऐकता येते, हा लाभ नाकारता येणार नाही. पण यातील बरेच साहित्य इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून पदवी घेणाऱ्याला ‘डिटरन्स’ किंवा ‘बॅलन्स ऑफ पॉवर’ उदाहरणांसह समजावून सांगणारा शिक्षक अजूनही वर्गातच भेटतो.

नोकऱ्यांचे काय?

महाराष्ट्रात महाविद्यालयातील पदे कार्यभारावर, म्हणजे आठवड्याच्या तासांवर ठरतात. काही विषय बाहेरून ऑनलाइन आले, तर तेवढे तास कमी होण्याची भीती आहे. याची पहिली झळ तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना बसेल. ज्याचे पुढच्या वर्षीचे काम निश्चित नाही, त्याने कित्येक महिने खर्चून अभ्यासक्रम तयार करावा, ही अपेक्षाही अवाजवी आहे.

मार्ग कोणता?

ऑनलाइन शिक्षण नाकारणे हा उपाय नव्हे. अभ्यासक्रम अद्ययावत करण्याला गुण द्यावेत, मराठीतील निर्मितीला निधी द्यावा आणि ऑनलाइन विषयासाठीही महाविद्यालयात मार्गदर्शक शिक्षकाचे तास कार्यभारात धरावेत. जग रोज बदलते, हेच ज्या विषयाचे सार आहे, तो एकदा चित्रित करून कपाटात ठेवण्याजोगा नाही. त्याला रोज वाचणारा, रोज शिकवणारा माणूस लागतो. धोरणाने त्या माणसाची सोय आधी पाहावी.